बाई समुद्रावर आहेत

सुलेखा हिवराळे यांच्याबद्दल कुणी विचारलं की सर्जेरावांची पंचाईत होते. इतकी वर्षं एका खोलीत बसूनही त्यांना बाईंचं फारसं काही ठाऊक नव्हतं. त्या भावसिंगपुऱ्यातून स्कूटीवर येत, घरी आई होती आणि खारे शेंगदाणे त्यांना फार आवडत; एवढंच खात्रीनं सांगता येईल. बाकीचं सांगताना आपण भलतंच तर काही सांगत नाही ना, अशी धाकधूक त्यांना लागून राहते.

चिकलठाण्याच्या त्या लहानशा कंपनीत मंगल कार्यालयांच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर चालायचं. सर्जेराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. इथं ते लाइटबिल, इन्व्हर्टर, पाण्याचे जार आणि ऑफिसचा फोन बघत. त्यांचं टेबल सर्व्हरच्या खोलीत होतं. तिथला एसी बंद पडला तर कुणीतरी आरडाओरडा करायला हवा, म्हणून. आरडाओरडा आपल्याला जमणार नाही हे त्यांनी साहेबांना कधी सांगितलं नाही.

प्रोग्राम लिहिणारी पोरं वेगळी आणि ते प्रोग्राम ज्या मशीनवर रात्रंदिवस चालतात ती सांभाळणारं माणूस वेगळं. ते माणूस म्हणजे सुलेखाबाई, एकट्याच. त्यामुळं काहीही अडलं की फोन त्यांनाच.

त्यांच्या आईला, कडूबाईंना, समुद्र बघायचा होता. टीव्हीत दिसतो तेवढाच असतो की जास्त, एवढं त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. मायलेकी एकदा निघाल्याही होत्या. नगरच्या स्टँडवर भजी खात असताना ऑफिसचा फोन आला. सर्व्हरमध्ये जागा उरली नव्हती आणि कुठल्या फायली उडवायच्या हे कुणालाच कळत नव्हतं. दोघी तिथूनच माघारी फिरल्या. तेव्हापासून कडूबाई भेटेल त्याला सांगायच्या, "माझा समिंदर नगरलाच आटला बघा."

त्यानंतर सुलेखाबाईंनी पोरांना शिकवायला घेतलं. सकाळी ऑफिस भरलं की सगळ्यांचे माउस जमा करून सर्जेरावांच्या ड्रॉवरमध्ये टाकायच्या. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करूनच कामं करायची. तेच काम पुन्हा पुन्हा हातानं करताना कुणी दिसलं की म्हणायच्या, "अरे, जात्यावर बसलास का? स्क्रिप्ट लिही." स्क्रिप्ट म्हणजे कामाचे सगळे हुकूम क्रमानं लिहून ठेवायचे, मग एका हाकेत मशीन ते आपणहून करतं. सर्जेरावांनाही त्यांनी हे एकदा समजावलं होतं. त्यातली एक गोष्ट त्यांना पटली. काही पुसायचं किंवा बदलायचं असेल तर हुकमाच्या आधी एक शब्द जोडायचा. मग मशीन ते काम करत नाही, काय करणार ते नुसतं बोलून दाखवतं. "ते ऐकून आपल्याला घाम फुटला नाही, काका," बाई म्हणाल्या, "तरच करू द्यायचं."

शिकवून झाल्यावर त्यांनी तालीम सुरू केली. दुपारी फोन बंद करून सर्जेरावांच्या टेबलासमोर शेंगदाण्यांची पुडी घेऊन बसायच्या. कुणी काही विचारायला आलं की सर्जेरावांनी सांगायचं, "बाई समुद्रावर आहेत."

"काका, समोर तर बसल्यात!"

"समुद्रावर आहेत," सर्जेराव जमिनीकडं बघत म्हणायचे. त्यांना भारी संकोच वाटायचा. पोरं हसत परत जायची आणि आपलं आपण निस्तरायची.

अखेर गुहागरची तिकिटं निघाली. गाडी संध्याकाळची होती. कडूबाई पिशवी घेऊन दुपारीच ऑफिसात येऊन बसल्या. पोरगी ऐनवेळी निसटू नये म्हणून.

आणि ऑफिसचा फोन वाजला. पैठण रस्त्यावरच्या मंगल कार्यालयाचे तात्यासाहेब होते. "अहो, तुमचं बुकिंग उघडंना! दोन्हीकडचे पाव्हणे समोर बसल्यात. चहा झाला, पोहे झाले, आता काय जेवायला वाढू का?"

सर्जेरावांनी "बघतो, बघतो" म्हणत फोन ठेवला, तोवर राजकुमार दारात उभा होता. कामाला चपळ, पण घाईचा पोरगा. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"मॅडम, लफडा झाला. पावत्यांवर शहराचं जुनं नाव येत होतं. मी एका हुकमात सगळीकडं औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर करून टाकलं."

"सगळीकडं म्हणजे?"

"सगळीकडं म्हणजे... पूर्ण सर्व्हरवर."

"आधी बोलून दाखवायला लावलंस?"

"घाईत राहिलं, मॅडम." झालं असं होतं, की ज्या फोल्डरमध्ये सगळं ठेवलेलं त्याचं नाव जुनंच राहिलं, आणि प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये मात्र नवं झालं. प्रोग्राम नव्या पत्त्यावर जाऊन दार शोधत होता आणि तिथं घरच नव्हतं.

सुलेखाबाई खुर्चीतून उठल्या. कडूबाईंनी चपला काढून मांडी घातली. "मागल्या बारीला नगरपत्तूर तरी गेलतो," त्या म्हणाल्या. "आवंदा इथूनच माघारी."

सर्जेरावांनी म्हातारीकडं पाहिलं. आजवर त्यांनी कुणाला अडवलं नव्हतं. बँकेच्या रांगेत पुढं घुसणाऱ्यालासुद्धा नाही. पण ते उभे राहिले आणि राजकुमारला म्हणाले, "बाई समुद्रावर आहेत."

"काका, ही तालीम नाही!"

"समुद्रावर आहेत." या वेळी आवाज जरा मोठाच निघाला. एसीसाठी चालला असता.

सुलेखाबाई हळूच खाली बसल्या.

काचेच्या दारातून पलीकडचं सगळं दिसत होतं. राजकुमार सकाळचा बॅकअप काढून सरसकट वर टाकायला निघाला होता. सायलीनं त्याचा हात धरला. ती नवीनच लागलेली, पण तोंडाची खमकी. "थांब ना! सकाळपासून झालेली बुकिंगं त्यात कुठं आहेत? ती उडाली तर पाव्हण्यांना तू तोंड देणार का?" मग दोघांनी बॅकअपमधल्या आणि आताच्या फायली समोरासमोर ठेवून कुठं कुठं फरक पडलाय ते मशीनला आधी बोलून दाखवायला लावलं. यादी लांबत चालली. ती वाचता वाचता सायली खो खो हसायला लागली. एका कार्यालयाच्या माहितीत आता असं लिहिलेलं होतं: "पूर्वीचे छत्रपती संभाजीनगर, म्हणजेच आताचे छत्रपती संभाजीनगर येथील प्रशस्त सभागृह."

सुलेखाबाईंचा पाय सारखा हलत होता. त्यांनी पुडीतले शेंगदाणे सोलले, पण खाल्ला एकही नाही. दोनदा त्यांचा हात कीबोर्डकडं गेला. दोन्ही वेळा कडूबाई खाकरल्या.

पलीकडं पोरांनी फक्त सेटिंगच्या फायली जुन्या जागी आणल्या, बुकिंगांना धक्का लावला नाही, आणि पावतीवर नवं नाव तेवढं ठेवलं. फोन वाजला. "उघडलं!" तात्यासाहेब ओरडले. "तारीख धरली बघा! पावतीवर नाव बी नवं आलं. ब्येस काम!"

सर्जेरावांनी निरोप सांगितला. कडूबाईंनी चपला घातल्या.

मायलेकींनी समुद्र पाहिला. टीव्हीपेक्षा जास्त असतो, असा कडूबाईंचा निकाल सायलीकडून कळला. बाई परतल्या तेव्हा सर्जेराव मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी जालन्याला लेकीकडं होते. ते कामावर आले तोवर बाई नाशिकच्या मोठ्या कंपनीत गेल्या होत्या, आणि इथं त्यांच्यावाचून काही अडत नव्हतं. फोन करावा असं सर्जेरावांना कितीदा वाटलं, पण बोलायचं काय हे ठरेना.

मायलेकी गुहागरला निघाल्या त्या संध्याकाळी सर्जेराव कडूबाईंची पिशवी घेऊन रिक्षापर्यंत गेले होते. कडूबाई आधी बसल्या. बाईंनी बसता बसता वळून पाहिलं.

"काका, शेंगदाण्यांची पुडी तुमच्या ड्रॉवरमध्ये राहिली."

"असू द्या. खाईन मी."

"खवट झालेत का बघा आधी."

"बघतो."