ठहरो मामांचं मशीन

मशीन बंद पडलं की बाकीचे बटणाकडे धावत आणि ठहरो मामा खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसत. "ठहर जा गा, त्याले दम खाऊ दे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, म्हणून हे नाव. आमच्या नागपूरच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा मी टायपिस्ट होते आणि मामा त्या थंडगार खोलीचे एकटे धनी.

खोलीवर त्यांचा जीव होता, तो काही एसीसाठी नाही. मामी गेल्यापासून महाल भागातलं घर त्यांना खायला उठायचं. रविवारीसुद्धा डबा घेऊन ऑफिसात हजर. "घरी कोण वाट पाहून राहिलं माही?" असं अगदी सहज विचारत.

एका उन्हाळ्यात लाइट गेली आणि मशीन आडवं झालं. चालू केलं की ते आपली डिस्क तपासायला घेई आणि अर्ध्यावर गप्प. साहेब लोक मेले उतावीळ. बंद कर, चालू कर, पुन्हा तेच. शेवटी मुंबईच्या हेड ऑफिसातून निरोप आला, सोमवारपर्यंत जमलं नाही तर मशीन इकडे पाठवा, खोली रिकामी करा. मामांचं जेवणच सुटलं.

त्या रविवारी मीही गेले. बराच वेळ मशीनकडे बघत बसलेले मामा एकदम म्हणाले, "पोरी, हे काही विचारून तं नाही राहिलं?" मशीनला पडदा नव्हता, त्याचे प्रश्न कोपऱ्यातल्या प्रिंटरवर उमटत, आणि कागद वाया जातो म्हणून मामांनीच तो बंद ठेवलेला. आता धन्य म्हणायची! तो लावून मशीन नव्यानं सुरू केलं, तर कागदावर ओळ आली: बिघडलेला भाग दुरुस्त करू का? इतके दिवस बिचारं उत्तराची वाट बघत होतं. मामांनी 'हो' दाबलं आणि तपासणी सुरळीत पार पडली. डोळे पुसत ते मशीनला म्हणाले, "माफ कर गा. मले समजलंच नाही."

सोमवारी मशीन ठणठणीत असल्याचं मुंबईला कळवलं. उत्तर आलं, उत्तम, चालू आहे तर आम्हालाच हवं, पाठवून द्या.

मामांनी ते स्वतः गोधडीत गुंडाळून ट्रकवर चढवलं. मग रिकाम्या खोलीत येऊन म्हणाले, "मले वाटलं होतं वं, बरं झालं तं इथंच ठेवतीन." मी चहा मागवला. दोघांनी तो उभ्यानंच प्यायला.

पुढचा पावसाळा काही मामांनी काढला नाही. डॉक्टर म्हणाले, हार्ट. म्हणोत बापडे.