आईची घरची शाळा आणि बोर्डिंगची भीती

मेहकरच्या रस्त्याला लागलो तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. आईनं सकाळी दिलेली भाकरी तशीच माझ्या हातात. बाबा पुढे, आई आणि मी मागे...

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील तेव्हा. मी नऊ वर्षांची घोडी झाले होते आणि शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं. लहानपणी थंडी पडली की मला दम लागायचा आणि शाळा होती लांब, म्हणून आईनं घरीच शिकवायला घेतलं.

बाबा गावातल्या मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. अख्ख्या गावात आमचं एकच ख्रिस्ती घर. त्यामुळे आमच्या घरात काय चालतं याकडे सगळ्यांचंच लक्ष असायचं.

आईच्या शाळेला वेळापत्रक नव्हतं, घंटा नव्हती, छडी तर नव्हतीच. सकाळी डोळे मिटून प्रार्थना करायची आणि मग देव सुचवील ते शिकायचं. कधी पायलीनं ज्वारी मोजता मोजता हिशेब, तर कधी विहिरीवर सुगरणीचं घरटं बघण्यात सगळी सकाळ जायची. वाचायला पुस्तक एकच, बायबल. एक अध्याय मोठ्यानं वाचायचा, शेवटी ‘आमेन’ म्हणायचं, की सुटली शाळा... मला तर फार आवडायची!

बाबांना यातलं काही पटत नव्हतं. देव पाढे शिकवायला खाली येणार आहे का, असं ते आईला अधूनमधून विचारायचे. आई हसायची, आणि त्या हसण्यानं ते जास्तच चिडायचे.

शेवटी त्यांनी ठरवलं. मेहकरच्या शाळेत ओळखीचे एक मास्तर होते, त्यांच्यापुढे मला बसवायचं. पोरगी पाचवीत बसण्याजोगी आहे असं ते म्हणाले तर ठीक, नाहीतर जूनपासून रवानगी मुलींच्या बोर्डिंगमध्ये.

बोर्डिंग... नुसता शब्द ऐकला तरी मी आईच्या मागे लपायचे. आई स्वतः बोर्डिंगमध्ये वाढलेली. तिथलं ती कधी फारसं सांगत नसे, पण विषय निघाला की तिचा चेहरा उतरायचा. नाताळ आणि उन्हाळा सोडला तर घर दिसत नाही, एवढं मला ठाऊक होतं, आणि तेवढं घाबरायला पुरेसं होतं.

त्या सकाळी शाळेत पोचलो, तर मास्तर बिचारे शांत होते. त्यांनी मला भरल्या वर्गात उभं केलं आणि पुस्तकातला पोळ्याचा धडा वाचायला सांगितला. बैल, झूल, घुंगरं... मी एका दमात, न अडखळता वाचला. वाटलं, जमलं बरं का आपल्याला!

आणि धडा संपता संपता, रोजच्या सवयीनं, मी खणखणीत आवाजात म्हणाले, “आमेन.”

सगळा वर्ग खो-खो हसायला लागला. बैलांच्या धड्याला आमेन! तेवढ्यात मास्तरांनी तेराचा पाढा म्हणायला सांगितला. पाढे असे ओळीनं मी कधी म्हटलेलेच नव्हते. तेरा दुणे सव्वीसच्या पुढे तोंडातून शब्द फुटेना.

मास्तरांनी बाबांना आत थांबवून घेतलं आणि आम्हा दोघींना बाहेर बसायला सांगितलं. आवारातल्या लिंबाखाली आम्ही बसलो. आतलं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण संपलं सगळं, याची मला खात्रीच होती. घर, आई, सगळंच आता जाणार...

भीती एवढी दाटली की तिचा राग झाला, आणि तो निघाला आईवर. “देवानं तुले सगळं सुचवलं,” मी म्हणाले, “मंग पाढेच काऊन नाही सुचवले?”

आईनं माझा हात हातात घेतला, आणि मी दचकले. तिचा तळवा घामानं ओला होता. आई कशाला घाबरत नाही असं मी आजवर धरून चालले होते.

“मले बी भेव लागते वं,” ती हळू आवाजात म्हणाली. “रोज सकाळी लागते. चुकलं तं पोरीचं नुकसान होईन, असं वाटते. म्हून तं पह्यले डोये मिटतो आपण. भेव जात नाही... पण पुढचं पाऊल उचलता येते.”

मग तिनं तिथेच डोळे मिटले. मी नाही मिटले. मी तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत बसले, आणि आईचीच काळजी वाटायला लागली. तिचा हात मात्र सोडला नाही.

बाबा बाहेर आले तेव्हा आमच्याकडे न बघता दुसरीकडेच बघत होते. मास्तर म्हणाले होते की वाचन उत्तम आहे, समज आहे, पाढे मात्र कच्चे आहेत. वर्षभर घरीच पक्के करा आणि पुढच्या जूनमध्ये आणा, पाचवीत घेतो.

घसा खाकरून बाबा आईला म्हणाले, “पाढे मी घेत जाईन संध्याकायी. बोर्डिंगचं राहू दे.”

आई तिथेच तोंडाला पदर लावून रडली. मला तर आधी कळेचना, आता का रडतेय ते...

त्या दिवशी आईनं मला खोटा धीर दिला असता, तर विश्वास म्हणजे न घाबरणं, असंच मी समजले असते. आणि पुढे आयुष्यात पहिली मोठी भीती आली तेव्हा माझा विश्वास कमी पडला म्हणून तो सोडूनही दिला असता. नवऱ्याच्या ऑपरेशनच्या वेळी, लेकीच्या बाळंतपणात, मी पुष्कळ घाबरले. पण घाबरत प्रार्थना करायची मला कधी लाज वाटली नाही.

प्रभू, मला घाबरट आई दिलीस... तुझे किती आभार मानू.