संक्रांतीपासूनची गाठ

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत कशातूनही अंग काढून घ्यायचं असलं की एकच वाक्य पुरायचं: "आज पाणी हाय." लग्नाला का आला नाहीत? पाणी होतं. शाळेच्या मीटिंगला का नाही? पाणी होतं. नळाला पाचव्या-सहाव्या दिवशी पाणी यायचं, कधी पहाटे, कधी भर दुपारी, आणि त्या दिवशी घरातली बाई घर सोडत नसे. हे कारण खोटं आहे असं तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. माझ्या आईनं त्या कारणाच्या आड आपलं दुखणं लपवलं, आणि मी त्याच घरात रोज दोन वेळा जेवत होते.

आमचं घर गारखेड्याच्या पुढे, जिथं थोड्या वर्षांपूर्वी ज्वारी उभी असायची तिथं. आता प्लॉट पडले होते, टॉवर उभे राहिले होते. त्यातल्याच एका टॉवरवर वडील वॉचमन होते. हर्सूलच्या तलावाला भेगा पडल्या होत्या, पण त्यांच्या टॉवरवर रोज टँकर यायचा आणि गाड्या धुतल्या जायच्या. वडील ते पाहून घरी येत आणि हंड्यातलं पाणी वाटीनं पीत.

आम्ही मूळचे वेरूळच्या पलीकडचे, मेंढरांवर जगलेली माणसं. मी शाळेत जायच्याही आधी एक मोठा दुष्काळ पडला. वडील मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठाकाठानं चाऱ्यामागं गेले ते कित्येक महिने आलेच नाहीत. आई आम्हा तिघा भावंडांना घेऊन मामाबरोबर या शहरात बांधकामावर आली. मी थोरली, मधला भाऊ आणि धाकटी अजून अंगावर पिणारी. पुढं मेंढरं गेली, वडील इथंच आले, आणि आम्ही शहरातले झालो. ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली जायची की तिच्यात काही सांगायचं राहिलं असेल असं मला कधी वाटलंच नाही.

मी तेव्हा एका झेरॉक्सच्या दुकानात ऑनलाइन फॉर्म भरायचं काम करत होते. स्वभाव तापट, त्यात दिवसभर लोकांचे विसरलेले पासवर्ड. घरी आले की फणकाऱ्यानंच बोलायचे.

शिमग्याच्या सुमारास एका रविवारी आई अंघोळीला बसली होती. पाणी वाया जाऊ नये म्हणून आम्ही मोठ्या घमेल्यात बसून अंघोळ करायचो, आणि तेच पाणी नंतर संडासाला वापरायचो. तिची पाठ मीच घासून द्यायचे. पण गेल्या कितीतरी रविवारी तिनं मला बोलावलं नव्हतं. त्या दिवशी घमेलं उचलायला म्हणून मी न विचारता आत गेले आणि माझं कोपर तिच्या काखेजवळ लागलं. "आई गं!" ती कळवळली आणि तिनं झटकन लुगडं छातीशी धरलं. मी हात घातलाच. डाव्या बाजूला, काखेच्या खाली, बोरासारखं काहीतरी कडक हाताला लागलं. जागचं हलत नव्हतं.

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून आसंल."

"आणि मला आत्ता सांगतेस?"

"मी कुठं सांगितलं? तूच आत घुसली."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊ म्हटलं. "उंद्या पाणी हाय," ती म्हणाली. त्याच्या पुढच्या आठवड्यात म्हटलं, तेव्हाही पाणी होतं. मग जिथं ती पोळ्या लाटायला जायची त्या घरी पाहुणे होते. मग पुन्हा पाणी. चैत्र लागला, ऊन भाजायला लागलं, आणि एका दुपारी माझा संयम सुटला. मी भांडं आपटलं आणि ओरडले, "मरायचंय का तुला?"

ती उठली, दाराला कडी लावली आणि आपला मोबाईल माझ्या हातात दिला. त्यात एक व्हिडिओ होता. शेजारच्या काकूंनी गल्लीतल्या बायकांच्या ग्रुपवर टाकलेला, संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी केलेला तो ग्रुप. रडकं संगीत, एका बाळाचं चित्र, आणि एका बाईचा आवाज सांगत होता की जिनं पोट पाडलं तिच्या छातीत कॅन्सर होतोच, डॉक्टर हे मुद्दाम लपवतात, आपल्या माणसांना वाचवायचं असेल तर पुढं पाठवा.

मला हसू आलं. "मग? तुझा काय संबंध?"

आई खाली बघत राहिली. मग म्हणाली, "हाय संबंध."

त्या दुष्काळात, वडील मेंढरांमागं गेल्यावर, तिला दिवस असल्याचं कळलं होतं. धाकटी अंगावर पीत होती. दिवसभर डोक्यावर मालाची घमेली घेऊन जिने चढायचे, त्यात चौथं कसं वाढवणार? सायटीवरच्या एका बाईबरोबर ती दवाखान्यात गेली आणि पिशवी साफ करून घेतली. तिसऱ्या दिवशी कामावर. मामालाही कळू दिलं नाही. वडिलांना कळवायचं तर ते कुठल्या गावाच्या शिवारात आहेत हेच माहीत नव्हतं.

"आणि ते आल्यावर?"

"आल्यावर काय सांगू? तुमी नव्हता तवा मला दिवस गेलते, मी काढून टाकलं? त्यांनी महिने मोजले आस्ते."

मग तिनं खरं ते सांगितलं. दवाखान्यात डॉक्टर विचारणार, वडील सोबत असणार, इतक्या वर्षांनी ते उघडं पडणार. आणि मिळवायचं काय? "केलं त्याचं फळ आलं. त्याला डाक्टर काय करंल?"

मला तिचा भयंकर राग आला. आणि त्या रागाखाली भीती होती, हेही सांगून टाकते. समजा ते खरं असलं तर?

दुकानात फॉर्म भरायला कुणी नसलं की मी शोधायला बसले. मराठी, हिंदी, इंग्रजी. इंग्रजी पानांचं यंत्रानं केलेलं मराठी वाचून डोकं फिरायचं, मग पुन्हा मूळ इंग्रजीशी झटापट. होतो म्हणणारी पानं ढिगानं होती. काहींवर लिहिणाऱ्याचा पत्ता नाही, तारीख नाही, खाली नुसतं 'शेअर करा'. काही मात्र नीटनेटकी होती, खाली संदर्भ वगैरे. ती बहुतेक अशा लोकांची निघाली ज्यांचा गर्भपातालाच विरोध. पण विरोध आहे म्हणून म्हणणं खोटंच, असं कसं म्हणणार? दुसरीकडं कॅन्सरवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या मोठ्या संस्था साफ सांगत होत्या, संबंध नाही. ते वाचून माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच मला स्वतःचाच संशय आला. मला खरं कुठं हवं होतं? मला फक्त 'नाही' हवं होतं. माझ्या बाजूचं असलं की मी तारीखसुद्धा बघत नव्हते. मग मी 'नाही' म्हणणारी पानंही तितक्याच खडूसपणे पुन्हा वाचायला घेतली.

काही गोष्टी सरळ होत्या. लवकर मूल होणं, अंगावर पाजणं, यानं पुढचा धोका थोडा कमी होतो, हे दोन्ही बाजू मानत होत्या. त्या खऱ्यावरच व्हिडिओवाल्यांनी आपला मजला चढवला होता. पण एक गोष्ट काही केल्या कळेना. डॉक्टरांनी केलेल्या जुन्या काही पाहण्यांत खरोखरच संबंध दिसला होता, आणि नंतरच्या मोठ्या पाहण्यांत तो गायब. असं कसं? कारण दिलं होतं, पण ते माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. जुन्या पाहण्यांत आजारी बायकांना आणि धडधाकट बायकांना मागचं विचारलं होतं. नंतरच्यांत बाई आजारी पडायच्या आधीच दवाखान्यात झालेल्या नोंदी धरल्या होत्या. त्यानं एवढा काय फरक पडतो?

समोर एक बाई आधार कार्ड घेऊन उभी होती, आणि मला आमच्या दारात आलेली सिस्टर आठवली. दोनेक वर्षांपूर्वी सरकारी पाहणीला आलेली. किती मुलं, किती बाळंतपणं, कधी पोट पाडलं का? मी आईच्या शेजारीच तांदूळ निवडत बसले होते. आई म्हणाली होती, "नाय बा." डोळ्याची पापणीही न हलवता. तेव्हा ती धडधाकट होती. गाठ आली आणि मगच तिच्या तोंडून ते निघालं, तेही दाराला कडी लावून.

म्हणजे ज्यांना गाठ आली त्या सगळं उकरून सांगतात, आणि ज्यांना काही झालं नाही त्या म्हणतात 'नाय बा'. मग हिशोबात आजारी बायकांकडेच गर्भपात जास्त दिसणार नाहीत तर काय! जे मला इंग्रजीतून समजत नव्हतं ते माझ्या घरातच घडून गेलं होतं. मी त्या बाईचं आधार कार्ड उलटं स्कॅन केलं आणि तिच्या शिव्या खाल्ल्या.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती पिठाचे हात तसेच धरून ऐकत राहिली.

"म्हंजी बाया खोटं बोलत्यात म्हणून?"

"खोटं नाही. झाकतात. तू नाही का झाकलंस?"

तिनं विचार केला. "माझ्यासंगं आलती त्या सायटीवरच्या बाईनं तर दोनदा केलतं. ती ठणठणीत हाय अजून."

हा मुद्दा तिला पटला होता, आणि तो चुकीचा होता. गप्प बसले असते तर काम झालं असतं. पण मला राहवेना. "एका बाईवरून काही ठरत नाही आई. तिच्यावरून नाही आणि तुझ्यावरूनही नाही."

"मग मला कामून झालं?"

"माहीत नाही. कुणालाच माहीत नसतं. आणि ते कॅन्सरचंच आहे हे तरी कुणी सांगितलं?"

माझ्या या उत्तरानं ती खचली. पाप केलं म्हणून झालं, यात तिला एक आधार होता. काही कारणच नाही, हे ऐकून ती पहिल्यांदा घाबरली. आणि घाबरली म्हणूनच म्हणाली, "चल मग."

ज्या दिवशी निघालो त्या दिवशी नेमकं पाणी आलं. गाठीचं कळल्यावर वडिलांनी रजा टाकली होती, मी येतोच म्हणाले, त्यांना नको म्हणायला आईकडं कारण नव्हतं. आम्ही दाराबाहेर पडलो आणि नळ फुसफुसला. आई थबकली. मी तिचा दंड धरला. शेजारच्या काकू, त्याच व्हिडिओवाल्या, पाइप घेऊन बाहेर आल्या होत्या. मी त्यांच्याशी महिनाभर बोलत नव्हते. "जा तुमी," त्या म्हणाल्या, "तुमचे ड्रम मी भरते." आई तरीही वळून वळून नळाकडं बघत होती.

सरकारी दवाखान्यात दुपार झाली. आत तरुण डॉक्टर होती, आमच्या धाकटीपेक्षा थोडी मोठी. आई स्टुलावर, मी तिच्यामागं, वडील भिंतीला टेकून, वॉचमनची टोपी हातात. डॉक्टरनं तपासलं, पडदा सारला आणि लिहीत लिहीत विचारायला लागली. वय? पाळी? बाळंतपणं किती?

"तीन."

"गर्भपात?"

बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं. 'नाही' म्हणून टाक, असंही माझ्या मनात आलं, ते लपवत नाही. आईनं मान वर केली नाही. पण आवाज स्पष्ट होता.

"एक. ह्ये मेंढरं घेऊन गेल्ते तवा." आणि थोडं थांबून, "ह्यांचंच व्हतं."

डॉक्टरनं 'एक' लिहिलं. तिनं आमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "आई, बहीण, मावशी, कुणाला असा आजार?"

"त्याच्यानं झालं का बाई?" आईनं विचारलं.

"कशानं? गर्भपातानं? नाही हो. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. गाठ कधीपासून आहे?"

"संक्रांतीपासून."

आता पेन थांबलं. तिनं वर पाहिलं, बाहेरच्या उन्हाकडं पाहिलं, आणि तिचा आवाज चढला. "इतके दिवस काय करत होतात?"

"पाणी येत व्हतं ना," आई म्हणाली.

पुढचं थोडक्यात सांगते. गाठ कॅन्सरचीच निघाली. स्तन काढावा लागला, केस गेले, परत आले. आई आज आहे आणि माझ्याशी भांडते. लवकर आला असतात तर इतकं कापावं लागलं नसतं कदाचित, असं नंतर एका डॉक्टरांनी सांगितलं. ते ऐकून मी त्या व्हिडिओतल्या बाईला मनातल्या मनात अशा शिव्या दिल्या, ज्या इथं लिहिता येत नाहीत.

पण त्या पहिल्या दिवशी यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही शेअर रिक्षानं परत निघालो. मी पुढं ड्रायव्हरजवळ, ते दोघं मागं. मी आरशात बघायचा प्रयत्न करत होते, पण आरशात फक्त आईचा पदर दिसत होता. गारखेड्याचा चौक आला तेव्हा मागून वडिलांचा आवाज आला.

"सांगायचं नाय का मला? मी काय महिने मोजत बसलो आस्तो?"

"व्हय," आई म्हणाली.

रिक्षा सिग्नलला थांबली. हिरवा दिवा लागला, रिक्षा पुन्हा चालू झाली. मग वडील म्हणाले, "व्हय. तवा मोजले आस्ते."

घरी आलो तर सगळे ड्रम काठोकाठ भरलेले होते. वडिलांनी तांब्या बुडवला, पहिलं पाणी आईला दिलं, आणि ती पिऊन होईपर्यंत तिथंच उभे राहिले.