मांडा हातावर, कॉम्प्युटर झोपेत

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, ऐन मांडे टाकायच्या वेळी आमच्या घरातला कॉम्प्युटर झोपला, आणि ती सवय त्याला मी लावली होती. हे आधीच कबूल केलेलं बरं. नातेवाइकांत अजून काही जण म्हणतात, की त्या दिवशी लाइट गेली होती. (ही अफवाही माझीच.)

झालं असं, की आमच्या ऑफिसात वीजबचतीवर एक व्याख्यान झालं. "समोर कोणी नसताना चालू राहणारा कॉम्प्युटर म्हणजे उघडा टाकलेला नळ," असं वक्ते म्हणाले आणि त्यांनी थेट माझ्याकडे पाहिलं! आता घरचा कॉम्प्युटर मी सकाळी लावतो तो झोपताना बंद करतो, हे त्यांना कोणी सांगितलं? बाहेर पडलो तर जळगावचं ऊन असं, की स्कूटरच्या सीटवर पापड भाजून निघावा. आणि मला मनोमन पटलं, की या उन्हात माझाही हात आहे.

घरी येऊन मी कॉम्प्युटरच्या सगळ्या सेटिंग बदलल्या. पडदा इतका मंद केला, की वाचायला टॉर्च लागावी. तेवढ्यानं मन भरेना, म्हणून कुठूनसं एक वीजबचतीचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. ते फार कडक शिस्तीचं होतं. मिनिटभर माउस हलला नाही, की समोर काय चाललंय याची पर्वा न करता ते कॉम्प्युटर झोपवायचं. उठवायला पासवर्ड. मी खूश! बायकोला, म्हणजे निर्मलाला, यातलं काही सांगितलं नाही. चांगली कामं गुपचूप करावीत.

आणि आखाजी आली.

आमच्या खानदेशात आखाजीला लेक माहेरी येते. झोके, गाणी, आमरस आणि मातीच्या पालथ्या खापरावर भाजलेले पुरणाचे मांडे! पण यंदा आमची पल्लवी पुण्याहून येऊ शकली नाही, कारण तिच्या सासूबाई नेमक्या तिच्याकडे राहायला आल्या होत्या. विहीणबाई कोल्हापूरच्या. स्वभावानं चांगल्या, पण लग्नात त्या एकदा म्हणाल्या होत्या, "तुमच्या खानदेशात तिखटाशिवाय काय असतंय ओ?" निर्मलानं ते वाक्य जपून ठेवलं होतं, बायका दागिना ठेवतात तसं.

"आई, मी त्यांना मांडे करून घालते!" पल्लवीनं फोनवर जाहीर केलं.

"तू? तू आजवर फक्त खाल्लेत!"

"तू दाखव ना व्हिडिओ कॉलवर, समोर बसून. तू तिकडे कर, मी इकडे करते."

निर्मलाचा चेहरा असा उजळला, की तेवढ्या प्रकाशात घर चाललं असतं. लेकीचा पहिला मांडा, तोही विहीणबाईंसमोर! मी मडक्यासारखं ते खापर मांडीवर घेऊन बसनं पुण्याला पोचवून आलो. कंडक्टर विचारत होता, "काका, यात अस्थी आहेत का?"

आखाजीच्या सकाळी कॉम्प्युटर मागच्या अंगणात, चुलीसमोर टेबलावर मांडला. मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर मनगट कसं फिरतं ते नीट दिसत नाही, असं दोघींचं मत. कूलरही दारात ओढला. पारोळ्याहून माझी मोठी बहीण, आक्का, आली होती. पलीकडे पुण्यात गॅसवर खापर, त्यामागे पल्लवी आणि तिच्यामागे हाताची घडी घातलेल्या विहीणबाई.

"हाताला पाणी लाव," निर्मला सांगत होती. "पुरण भरलं? आता हा गोळा या हातावरून त्या हातावर झेलायचा. वाढू दे त्याला, ओढू नको. मनगटावरून कोपरापर्यंत येऊ दे. आणि आता बघ हं, लगेच..."

पडदा काळा.

"अहो! काय झालं?"

"लाइट गेली," मी म्हणालो.

आक्कानं कूलरकडे पाहिलं. "काय रे बापू, लाइट त शे! कूलर चाली ऱ्हायना ना!"

मी घाईघाईनं पासवर्ड टाकून कॉल परत जोडला. पल्लवी रडकुंडीला आली होती. "आई, तू 'लगेच' म्हणालीस आणि गेलीस! लगेच काय?" तिचा मांडा खापरावर अर्धा आणि शेगडीवर अर्धा होता. विहीणबाई चष्मा पुसत होत्या.

ते सॉफ्टवेअर तिथंच काढून टाकता आलं असतं. पण काढायचं म्हणजे "हे कोणी घातलं?" हा प्रश्न आला! त्यापेक्षा मी खुर्ची ओढून माउस हलवत बसलो. जात्यावर बसल्यासारखा, गोल गोल.

"बसलाय काय नुसते! चुलीत लाकूड सरकवा," निर्मला म्हणाली. तिचे दोन्ही हात पिठात.

"आक्का, जरा हा माउस हलवत राहा."

"कसाले?"

"हलव फक्त."

आक्कानं माउस असा हलवला, जसं काही सुपात दाणे पाखडायचे आहेत! त्यात कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि समोरून आवाज नाहीसा झाला. पल्लवी ओठ हलवतेय, विहीणबाई ओठ हलवताहेत, निर्मला ओरडतेय, "मोठ्यानं बोल गं!" आक्कानं घाबरून माउस सोडला. मी चुलीपाशी. मिनिट भरलं. पडदा काळा!

आता निर्मलाच्या दोन्ही हातांवर ताणलेला मांडा होता. कोपरापर्यंत. ठेवता येईना, टाकता येईना. "मोबाइल घ्या! मोबाइलवरून लावा तिला! रात्री चार्जिंगला लावलाय मी."

मोबाइल मेलेला होता.

"अहो, लावला होता ना?"

"लावलेला होता," मी म्हणालो. "बटण मी बंद केलं. रात्रभर उगाच वीज..."

फक्त कूलर बोलत होता.

"आणि हा कॉम्प्युटर?" निर्मलानं हळू आवाजात विचारलं. तिचा हळू आवाज फार वाईट असतो.

"तोही मीच झोपवतो."

"बठ्ठं, सगळं बंद करी दे बापू," आक्का म्हणाली. "चूल बी कसाले पेटाडी? मांडा उन्हात टाक!"

मी पासवर्ड टाकायला धावलो. बोटांना राख, डोळ्यांत धूर. चुकला. परत टाकला, परत चुकला.

"काय आहे तो पासवर्ड? मोठ्यानं म्हणत टाका!"

म्हणावं लागलं. एकेक शब्द. "वीज... वाचवा... देश... वाचवा."

आक्का हसता हसता ओट्यावर बसली. निर्मला हसली नाही. मांडा मात्र तिच्या कोपरावरून सुटला आणि मातीत पडला.

शेवटी पडदा उजळला. पाहतो तर पल्लवी टाळ्या पिटत होती आणि विहीणबाईंच्या ताटात मांडा होता. अख्खा, पातळ, तांबूस, रुमालासारखी घडी घातलेला!

"आई, जमला! तुम्ही गेलात आणि जमला! सासूबाईंनी गॅस बारीक केला, मी टाकला!"

"व्याहीबुवा," विहीणबाई तोंडात घास ठेवूनच म्हणाल्या, "असलं काही आम्ही जन्मात खाल्लं नव्हतं ओ!"

खानदेशाची अब्रू वाचली. मी निर्मलाकडे वळलो, तर ती पदरानं डोळे टिपत होती. "मला बघायचं होतं हो," ती म्हणाली. "तिच्या हातून तो पहिला सुटताना."

विहीणबाई बघताहेत, आक्का बघतेय, तरी मी हात जोडले. "निर्मला, चुकलं माझं. वीज वाचवायच्या नादात तुझा तो क्षण घालवला मी. हे सॉफ्टवेअर आत्ता काढतो. माफ कर मला."

आणि सगळ्यांदेखत काढून टाकलं. पल्लवीनं मग खास आईसाठी दुसरा मांडा टाकला. तो जरा फाटला, पण निर्मलानं तो पापणी न हलवता पाहिला. कॉम्प्युटर टक्क जागा!

ती हसली. डोळे पुसून म्हणाली, "जाऊ द्या. मनानं वाईट नाही तुम्ही. चला, पल्लवीसमोरच बसून जेवू. तेवढा फ्रिजमधला आमरस आणा, थंडगार असेल."

मी जागचा हललो नाही.

"निर्मला," मी म्हणालो, "आत्ता माफी मागितली ना, त्यातच जरा फ्रिजचंही धरून घे."