क्लचवरचा पाय

सुआमेच्या गॅरेजांत क्रँकशाफ्ट बसवण्यात मास्टर डांक्वाचा हात धरणारा कोणी नव्हता. पण ड्रायव्हर बाफूरच्या व्हॅनचं इंजिन तिसऱ्यांदा उघडावं लागलं. क्रँकशाफ्ट पुन्हा मागेपुढे आपटत होता, त्याला जागेवर रोखणाऱ्या चकत्या झिजून पत्रा झाल्या होत्या.

"माझ्याच हातात खोट आली की काय!" डांक्वा स्वतःवरच चरफडला. त्याने जाड चकत्या घातल्या, फट मापून बघितली. तरी चैन पडेना, म्हणून दुसऱ्या दिवशी तो व्हॅनच्या स्टँडवर गेला.

बाफूर बाकावर बसून केंके-मासळी चापत होता. रांगेत व्हॅन घरघरत होती, आत चिटपाखरू नाही. डांक्वाने दार उघडलं. व्हॅन गियरमध्ये होती, आणि सीटपासून क्लचपर्यंत एक दांडका ठोकून बसवला होता. दाबलेला क्लच तासन्‌तास क्रँकशाफ्टला पुढे रेटत होता.

"अरे गाढवा, हे काय?"

"गियर काढला तर परत पडत नाही, मास्टर." बाफूरने बोटं चाटली. "आणि तुम्हीच बजावलंत ना, गाडी उभी असताना क्लचवर पाय ठेवायचा नाही? तेव्हापासून एकदाही ठेवला नाही!"