बायको विल्सनच्या बोटीवर

विल्सनच्या बोटीमागे पहिला सेलफिश उठला तेव्हा मी माझ्या बोटीचं स्टिअरिंग धरून उभा होतो आणि माझी बायको त्याच्या बोटीवर होती.

वायरलेसवर आधी विल्सनची आरोळी आली. मग तिचा आवाज. "उजवीकडे, उजवीकडे! ड्रेजच्या मागे आहे. चारा सोडा!" आवाज ओळखीचा, पण सूर नवीन. माझ्या बोटीवर ती असं ओरडत नाही. माझ्या बोटीवर ओरडायचं काम माझं असतं.

"त्यांना लागला?" मेहताशेठनी विचारलं.

"लागला."

"आणि आपल्याला?"

मी मागे वळून बघितलं. आमचा ड्रेज पाण्याखाली भोवऱ्यासारखा फिरत होता.

मी मढचा कोळी. नाव काशिनाथ, सगळे काशी म्हणतात. वडिलांची जाळ्याची बोट होती. मी ती विकून फायबरची छोटी बोट घेतली आणि हौशी लोकांना गळाची मासेमारी करायला खोल समुद्रात न्यायला लागलो. बोटीचं नाव जयवंती. बायकोचंही तेच, घरात जयू. बोटीवर आम्ही दोघंच, मी बोट चालवणारा तांडेल आणि ती डेकवर. मेहताशेठ आमचे सगळ्यात जुने क्लायंट. घाटकोपरला राहतात, कांदालसूणसुद्धा खात नाहीत. त्यांना मासा पकडायचा असतो आणि सोडून द्यायचा असतो. मला सुरुवातीला हे विचित्र वाटायचं. आता वाटत नाही. आपल्याला काय, बोट चालली पाहिजे.

आता ड्रेज म्हणजे काय ते सांगतो. सेलफिश हा भाल्यासारख्या तोंडाचा, पाठीवर शीड असलेला मोठा मासा. तो लहान माशांच्या थव्यामागे लागतो. मोकळ्या समुद्रात त्याला शोधणं कठीण, म्हणून आपणच खोटा थवा बनवायचा आणि बोटीमागे ओढत न्यायचा. छत्रीचं कापड काढून टाका, नुसत्या काड्या ठेवा. प्रत्येक काडीला मेलेल्या बोयी, म्हणजे खाडीतले छोटे मासे, लटकवा. पुढे शिशाचा जड गोळा बांधा, म्हणजे सगळं पाण्याखाली राहतं. हा झाला ड्रेज. ह्याला गळ नसतो. हा फक्त भुलवायला. सेलफिश भुलून जवळ आला की क्लायंटने त्याच्यासमोर गळ लावलेला चारा सोडायचा. इंग्रजीत अशा गळ नसलेल्या आमिषाला टीझर म्हणतात. चिडवणारा.

ऐकायला सोपं वाटतं. पण त्या बोयी जिवंत असल्यासारख्या सरळ पोहल्या पाहिजेत. एक जरी गिरकी घ्यायला लागली तरी तिची काडी फिरते, मग शेजारची, मग सगळं झुंबर फिरतं आणि दोऱ्यांचा गुंता होतो. फिरणाऱ्या थव्याकडे सेलफिश ढुंकून बघत नाही.

आमच्या बोटीवरचा सांगाडा मेहताशेठनीच परदेशातून आणला होता. बोयी बांधायची जयू. खाडीतल्या बोयी स्वतः निवडायची, मिठात मुरवायची, पाठीचा काटा आतल्या आत मोडून मासा लवचीक करायची, आणि मग सुई-दोरा घेऊन ओट्यावर बसायची. मी पाण्यात सोडायचो. क्लायंट विचारायचे, "काय मस्त बांधलाय, कोणी बांधला?" मी म्हणायचो, "आपणच." बोट माझी, बोटीवरचं काम माझं, असा माझा साधा हिशोब होता.

आदल्या दिवशी दुपारी विल्सन घरी आला. विल्सन आमच्याच मढचा, शाळेत माझ्या बाकावर बसायचा. त्याची बोट स्टेला. आईचं नाव. स्टेलाला दोन इंजिनं, वर चढून लांबचं बघायला टॉवर, बसायला गाद्या. मी एक मशीन घेतलं की ह्याच्याकडे त्याहून मोठं येतं. शूटिंगवाल्यांना बोट लागली की तेही त्याच्याचकडे जातात, कारण स्टेला फोटोत छान दिसते. हे सगळं मी बरीच वर्षं गिळत आलो होतो.

"काशी, उद्या मेहताशेठचे मेहुणे माझ्या बोटीवर आहेत," तो म्हणाला. "मुलुंडवाले. त्यांची आणि मेहताशेठची पैज लागलीय, कोण जास्त मासे पकडतो. माझा डेकवरचा माणूस गावी गेलाय. जयूला पाठवशील?"

"मग माझ्या बोटीवर कोण?"

"तुला काय रे! ड्रेज तर तू स्वतःच बांधतोस ना. मेहताशेठच सांगत होते."

मी जयूकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती.

"येते मी," ती विल्सनला म्हणाली.

तो गेल्यावर मी आवाज चढवला. घरात आम्ही कोळी बोलीत भांडतो, इथे सगळ्यांना कळेल असं लिहितो.

"मला न विचारता हो म्हणालीस?"

"त्यात विचारायचं काय? लोकांना सांगतोस, तू बांधतोस. बांध मग."

तिने बर्फाच्या पेटीतल्या बोयी दोन वाटण्या करून ठेवल्या. अगदी सारख्या. तिच्या वाटणीच्या तिने शिवल्या, माझ्या मी. मी तिला कितीतरी वेळा शिवताना बघितलं होतं. बघून येतं असं मला वाटत होतं.

पहाटे मढहून दोन्ही बोटी निघाल्या. आपल्या किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ असतं, ते संपून निळं पाणी सुरू होतं तिथवर जायला बराच वेळ लागतो. त्या रेषेवरच सेलफिश असतात, त्यामुळे दोन्ही बोटी एकमेकींना दिसतील एवढ्याच अंतरावर फिरत होत्या. ड्रेज सोडला आणि लगेच फिरायला लागला. स्पीड कमी केला, तरी फिरला. शिसं वाढवलं, खोल जाऊन फिरला. वर ओढला तर दोऱ्यांची वेणी झालेली. ती सोडवून पुन्हा टाकला. पुन्हा तेच.

त्यात पहिला सेलफिश विल्सनकडे उठला. थोड्या वेळाने दुसरा.

मी दुर्बीण घेतली. मेहताशेठना सांगितलं, पक्षी बघतोय. दुर्बिणीत स्टेलाची मागची बाजू दिसत होती. जयू कठड्याला टेकून ड्रेजची दोरी हाताने सैल करत होती, मध्येच घट्ट. डोक्यावर विल्सनची टोपी. मी तिला दर सीझनला सांगतो, ऊन लागेल, टोपी घाल. ती म्हणते, मला टोपीत गरम होतं. विल्सन टॉवरवरून काहीतरी बोलला आणि ती मोठ्याने हसली. आवाज येणं शक्यच नव्हतं, तरी मला ऐकू आला.

तिच्यावर संशय होता असं नाही. एवढी वर्षं संसार केलाय, मी वेडा नाही. पण तिथे तिच्या हाताखाली जे चाललं होतं ते माझ्या बोटीवर चालायला हवं होतं. तो हात माझ्या बोटीचा, ते मासे माझ्या बोटीचे, असं वाटून मी जळत होतो. विल्सनकडे इंजिनं होती, टॉवर होता, आता हेही.

"काशीभाई," मेहताशेठ म्हणाले, "दर वेळी तर सरळ चालतो. आज काय झालं?"

"करंट आहे शेठ."

"त्यांच्याकडे करंट नाही?"

मी उगाच स्पीड कमी-जास्त केला.

"माझा मेहुणा मला वर्षभर ऐकवणार. मी पुढच्या सीझनला कुठली बोट भाड्याने घ्यायची ते ठरवतोय, तुम्हाला माहिती आहे. जयूबेनना विचारा ना जरा वायरलेसवर."

"त्याची गरज नाही."

तेवढ्यात वायरलेस वाजला. वायरलेसवर आधी समोरच्या बोटीचं नाव दोनदा घ्यायचं, मग आपलं सांगायचं, अशी पद्धत आहे.

"जयवंती, जयवंती. स्टेलावरून जयवंती बोलतेय."

आजूबाजूच्या जाळ्यांच्या बोटीही त्याच चॅनलवर होत्या. कुणीतरी खो खो हसलं. "अरे, जयवंती किती आहेत?"

"बोल," मी म्हटलं.

"टॉवरवर चढले होते. तुझा ड्रेज फिरतोय."

"मला दिसतंय. तू तिकडचं बघ."

"कल्ले शिवलेस का?"

"तोंड शिवलंय."

"तोंड नाय विचारलं. कल्ले. कल्ले उघडे राहिले तर पाणी आत घुसतं आणि मासा फिरतो."

सगळा समुद्र ऐकत होता. मी म्हटलं, "माझ्या बोटीचं मी बघून घेईन."

मग ती म्हणाली, "नाव माझं लिहिलंय तिच्यावर. लाज माझी जाते."

ह्यावर तीन-चार बोटींवरून हसणं ऐकू आलं. मी वायरलेसचा माइक आकड्याला अडकवला आणि इंजिन न्यूट्रलला टाकलं. बर्फाची पेटी उघडली. उरलेल्या बोयी काढल्या. मेहताशेठना म्हटलं, "दोरा धराल का? मासा मी धरतो."

बिचाऱ्यांनी तोंड दुसरीकडे करून दोरा धरला. एक-दोन बोयी झाल्यावर त्यांची मान आपोआप इकडे वळली. "असं आहे होय," म्हणाले. मग सुईत दोरा तेच ओवायला लागले, माझ्यापेक्षा चांगला. मी प्रत्येक बोयीचे दोन्ही कल्ले अंगाला चिकटवून शिवले. मनात जयूला शिव्या देत शिवले. हे आपल्याला समोर बसून का नाही सांगितलं, सगळ्या समुद्राला ऐकवून का, असं चाललं होतं. मग आठवलं, समोर बसून शिवत असताना मी तिला कधी काही विचारलंच नव्हतं.

ह्या वेळी एकेक बोय आधी बोटीच्या बाजूने हाताने ओढून बघितली. जी फिरली ती बाजूला टाकली. ज्या सरळ पोहल्या त्याच काड्यांना लावल्या. इंजिन गिअरला टाकून ड्रेज पाण्यात सोडला. पोहायला लागला. थवाच जणू, शेपट्या हलवत, एका लयीत.

बराच वेळ काही नाही. मग ड्रेजच्या मागे एक काळी सावली आली. मेहताशेठनाच आधी दिसली. सावली जवळ आली आणि पाण्याखाली निळी-जांभळी पेटली. सेलफिश चवताळला की त्याचा रंग असा पेटतो. शीड पाण्याबाहेर निघालं.

"चारा सोडा! आता! घाई नाही, खाऊ दे, खाऊ दे... आता ओढा!"

रीळ किंचाळलं. मासा पूर्ण बाहेर उडाला, शेपटीवर उभा राहिला, पुन्हा उडाला. मी बोट मागे-पुढे करत राहिलो. मासा सरळ स्टेलाच्या दिशेने पळाला. विल्सनने काही न सांगता आपल्या सगळ्या दोऱ्या गोळा केल्या आणि बोट बाजूला घेतली. ही समुद्रावरची सभ्यता. विल्सनमध्ये ती आहे, हे मला मान्य करावं लागलं, आणि तेही मला आवडलं नाही.

शेवटी मासा बोटीला लागला. मी हातमोजा घालून त्याचा भाला धरला, गळ सोडवला. बोट हळू चालवत त्याच्या तोंडात पाणी जाऊ दिलं, म्हणजे दमलेल्या माशाला दम येतो. मेहताशेठनी वाकून त्याच्या पाठीला हात लावला. तो शहारला, सुटला, खाली गेला. शेठच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्यांनी पहिलं काय केलं असेल? वायरलेसचा माइक उचलला. "जयूबेन! थँक यू, जयूबेन!"

बोयी मी शिवल्या होत्या.

संध्याकाळी जेटीला लागलो. प्रत्येक माशामागे एक छोटं निशाण बोटीवर चढवायची रीत आहे. स्टेलावर निशाणांची रांग, आमच्यावर एक. मेहुणे मेहताशेठना काय काय बोलत होते ते मी ऐकलं नाही. मेहताशेठ मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, "सीझन तुमच्याच बोटीवर करतो, काशीभाई. पण जयूबेन पाहिजेत."

विल्सनही तिथेच होता. "मलापण पाहिजे," तो म्हणाला. "निदान आठवड्यातून एकदा."

दोघंही माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात जयू पुढे आली. "शनिवारी स्टेला. रविवारी जयवंती. आणि ड्रेज कोणी बांधला असं कुणी विचारलं तर माझं नाव सांगायचं. दोघांनी."

विल्सन लगेच हो म्हणाला. मला जरा वेळ लागला.

घरी जाताना मी विचारलं, "मजा आली?"

"आली."

"असं काय आहे त्याच्या बोटीवर?"

"टॉवर आहे. वरून सगळं दिसतं."

मी दुसरंच उत्तर शोधत होतो.

ह्या धंद्यात नवीन येणारे मला ड्रेजबद्दल विचारतात. मी सांगतो, बोयीचं तोंड शिवा, कल्लेही शिवा, आणि काडीला लावायच्या आधी एकेक ओढून बघा. ज्याच्याकडून शिकायचं त्याला विचारा, नुसतं शेजारी बसून येत नाही.

शनिवारी माझ्या बोटीवरचा ड्रेज आता जयूकडून शिकून मीच बांधतो. सरळ पोहतो. फिरत नाही, गुंतत नाही, क्लायंटची तक्रार नाही. मासे तरीही स्टेलाकडेच जास्त उठतात. मी जयूला विचारलं, तू वेगळं काय करतेस? ती म्हणाली, काहीच नाही, तुला दाखवलं तेच. खोटं बोलत नाही ती. म्हणूनच जास्त जळतं.