बिनरंगाची गिटारवाली

आमच्या बँडमध्ये चार मुलगे आणि मी. मुलगे लांब केस स्प्रे मारून ताठ उभे करायचे, ओठांना लाली, डोळ्यांत काजळ, खाली चमकीची घट्ट पँट. ग्लॅम मेटल नावाचा जो प्रकार तेव्हा परदेशी कॅसेटींतून आमच्यापर्यंत आला होता, त्यात पुरुषांनी असंच नटायचं असतं. मी गिटार वाजवायचे, आणि त्या सगळ्या नट्टापट्ट्यात माझं एकटीचं तोंड कोरं असायचं. लोकांना ती माझी स्टाइल वाटायची. खरं कारण लालबागला आमच्या खोलीत माळ्यावर, पत्र्याच्या डब्यात होतं.

डबा बाबांचा. बाबा गिरणीत साचेखात्यात मागावर होते आणि जत्रेच्या रजेत गावी जाऊन दशावतारात बाईची कामं करायचे. आमच्या कोकणात ह्या नाटकांत बायकांची कामं पुरुषच करतात, आणि बाबांची राणी बघायला तीन गावांची माणसं यायची असं आई सांगे. गिरण्यांच्या संपात आईने खाणावळ काढली आणि बाबा एका दशावतारी कंपनीबरोबर अख्खा हंगाम गावोगाव फिरले. परत आले तेव्हा गिरणीने त्यांना बोलावलं नाही, पुढेही कधी नाही. घरात ते फारसे बोलत नसत. पण अधूनमधून खोलीतल्या खोलीत राणीचा प्रवेश करून बघायचे. एक लांब पाऊल, मग थांबणं, मान वळवणं, मग तीन झपझप पावलं. आई भाकऱ्या थापता थापता पाय आखडून घ्यायची.

मी गिरगावात एका ख्रिस्ती मास्तरांकडे गिटार शिकले. ते लग्नांत वाजवायचे, आणि मुलीच्या जातीला हे जमणार नाही असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही, ह्याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे. पुढे कॉटन ग्रीनच्या एका रिकाम्या गोदामात बँडची तालीम सुरू झाली आणि तिथे मी माझं गाणं बांधलं. एका राणीला तिचं सैन्य सोडून गेलंय, तरीही ती दरबारात येते, असं गाणं. शब्द गायकाने इंग्रजीत लिहिले. चाल आणि गिटार माझी, आणि गिटार सुरू व्हायची ती बाबांच्या राणीच्या त्या पावलांच्या ठेक्यावर. हे मी कुणाला सांगितलं नाही. बाबांना तर नाहीच.

पहिला कार्यक्रम दादरला होता. मुलगे नटूनथटून आधी आमच्याकडे जेवायला आले. चाळीत बोंबाबोंब होणार अशी माझी खात्री होती. पण शेजारच्या काकींनी त्यांना नीट न्याहाळून ते खंयच्या कंपनीतले, आणि ह्यांच्यात राणी कोण, असं विचारलं. त्यांना ते दशावतारीच वाटले. नावं ठेवली ती फक्त रंगाला. कसला हा रंग, म्हणाल्या, बाजारात पीठ सांडल्यासारखा.

बाबांना तर ते बघवेना. त्यांनी माळ्यावरून डबा काढला, खोबरेल लावून चौघांची तोंडं पुसली आणि नव्याने रंगवली. सफेदा, लाली, काजळ. कितीतरी महिन्यांनी त्यांचे हात असे भरभर चालताना मी बघत होते. चौघे झाल्यावर मी पुढे जाऊन बसले, तर त्यांनी झाकण लावलं.

"तुका कित्याक?" ते म्हणाले. "बापया माणसाक बाई करूक रंग लागता. तू बाईच असस."

सगळे हसले. मीही हसले, पण मला ते फार लागलं. त्यांच्या लेखी मी अजून त्या रंगाची धनीण नव्हते, वाजवायला निघालेली पोरगी होते, बस्स. निघताना जिना उतरता उतरताच मी ठरवून टाकलं की रंग लागला तर ह्याच डब्यातला, ह्याच हातांनी, नाहीतर नाहीच.

हट्टाची फळं मिळायची ती मिळाली. एका पेपराने फोटो छापून खाली लिहिलं की चार पोरी आणि एक पोरगा असा हा बँड आहे. आमची कॅसेट काढणाऱ्या मालकाने लिपस्टिक लावून पुढे उभी राहा म्हणून सांगितलं, मी नाही म्हटलं, तर मला कव्हरवर ड्रमच्या मागे घातलं. गाणं मात्र चाललं. कॉलेजांतून पोरं माझी गिटार तोंडाने वाजवत फिरायची. बाबा कधी आले नाहीत. मी बोलवायचे, ते हो म्हणायचे, आणि ऐनवेळी त्यांचा गुडघा दुखायचा.

मग तो जमाना सरला. मुलांनी केस कापले, एकजण बँकेत लागला. निरोपाचा कार्यक्रम परळच्या एका हॉलमध्ये ठेवला, तिथे अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मध्यंतराआधी मी माझं गाणं वाजवलं आणि आत येऊन घाम पुसत होते, तर दारात बाबा. हातात कापडी पिशवी.

गिटारची पेटी जमिनीवर उघडी पडली होती. त्यांनी चपला काढल्या, वाकून पेटीला हात लावला आणि कपाळाला नेला. दशावतारी लोक देवाचे मुखवटे ठेवलेल्या पेटाऱ्याला रंगायच्या आधी असाच नमस्कार करतात. मग पिशवीतून डबा काढून ते माझ्यासमोर स्टुलावर बसले.

"तुजी राणी माज्यापेक्षा बरी चलता," ते म्हणाले.

म्हणजे पावलं त्यांनी ओळखली होती. मुलगेही पहिल्या कार्यक्रमासारखे रांगेत आले, तर त्यांना म्हणाले की तुम्ही आता शिकलात, आपापला लावा. माझ्या तोंडाला त्यांनी सावकाश सफेदा चोळला. डाव्या डोळ्यातलं काजळ वाकडं गेलं, ते त्यांनी करंगळीने सरळ केलं. तेव्हा मात्र माझे डोळे भरून आले.

"रंग लावल्यार रडाचा नाय," बाबा म्हणाले, आणि डब्याचं झाकण न लावताच पुढच्या रांगेत जाऊन बसले.